रंग कोणता ते मागाहून सांगते, आधी माती बघा

आमच्या घरामागे 12 फूट रुंद आणि 18 फूट लांब असे परडे आहे आणि तिथे चार खुर्च्या टाकून संध्याकाळचा चहा प्यावा, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा आहे. ती बाळगून आता दीड वर्ष झाले. या दीड वर्षात लाकडी डेक (म्हणजे फळ्यांचा उंच मंच) करणारे तीन, फरसबंदी करणारे चार आणि ‘मी दोन्ही करतो’ म्हणणारा एक, असे आठ जण येऊन टेप लावून गेले. आठही जणांनी चहा घेतला, मोबाइलवर परदेशी बंगल्यांची चित्रे दाखवली, आणि त्यांपैकी एकानेही खाली वाकून माती हातात घेतली नाही.

आमचे घर सांगलीत शामरावनगरला आहे, त्यामुळे सांगलीकरांना पुढे काही सांगायला नको. इथली माती काळी. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते आणि परड्यातून घरात येणारा माणूस चपलेच्या थरामुळे दोन इंच उंच होऊन येतो. उन्हाळ्यात तीच माती आकसून तडकते. गेल्या मे महिन्यात तुळशीकट्ट्याशेजारच्या भेगेत मुलाची 12 इंची पट्टी सबंध आत गेली आणि ती काढायला स्वयंपाकघरातला चिमटा न्यावा लागला. घराभोवती जी तीन फुटांची फरशी केली होती, ती जोत्यापासून सुटून बाहेरच्या अंगाला कलली आहे आणि त्या फटीत आजवर एक चमचा, दोन पेन आणि शेगडीचे एक बटन गडप झाले आहे. ही फट आठही जणांना मी स्वतः दाखवली. सात जण ‘सिमेंट भरून घेऊ’ म्हणाले, आठव्याने तिचा फोटो काढला.

शेवटी वालचंद महाविद्यालयात सिव्हिलला शिकणाऱ्या भाच्याला बोलावले. त्याने परड्यातली माती वाळवून, चाळून, प्रत्येकी 10 ग्रॅम माती मोजपट्टीच्या दोन काचनळ्यांत घातली. एकीत पाणी ओतले आणि दुसरीत रॉकेल, कारण रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही. (आजकाल एक पेलाभर रॉकेल मिळवणे हेही एक संशोधनच आहे.) दोन्ही नळ्या 24 तास माझ्या ओट्यावर मिक्सरशेजारी उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी रॉकेलमधली माती 10 मिलिलिटरच्या खुणेवर होती आणि पाण्यातली 17 वर. ‘‘आत्या, 70 टक्के. 50 च्या वर गेली की माती त्रास देणार असे धरतात,’’ तो शांतपणे म्हणाला आणि पोहे खायला बसला. ज्या गोष्टीला दोन नळ्या आणि एक दिवस लागतो, ती गोष्ट या धंद्यात वर्षानुवर्षे वावरणाऱ्या माणसांना का सुचू नये, हे मला अजून उमगलेले नाही.

फरसबंदीवाल्यांचे पालुपद ठरलेले आहे: ‘‘वरची माती खरवडतो, चार इंच दगडाची कच टाकतो, सिमेंटचे पेव्हर ठोकळे बसवतो, दोन दिवसांत मोकळे.’’ ते दोन दिवसांत मोकळे होतात हे खरे आहे, कारण अडकतो तो घरमालक. आमच्या शेजाऱ्यांनी तीन वर्षांपूर्वी असेच पेव्हर बसवून घेतले. आज त्या अंगणात चेंडू ठेवला तर तो आपोआप मधल्या खळग्यात जाऊन थांबतो आणि पावसाळ्यात तिथे डास होतात. खरे काम असे आहे की अडीच फूट माती उचलून बाहेर टाकायची, मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी पाणी मारून धुम्मसाने ठोकायचा, त्यावर दगडाचे सोलिंग म्हणजे रचलेल्या दगडांचा थर, त्यावर काँक्रीट आणि मग घराकडून बाहेर 12 फुटांत दीड इंच उतार ठेवून शहाबादी फरशी. हिशेब करून पाहावा: 216 चौरस फुटांला अडीच फूट म्हणजे 540 घनफूट, म्हणजे जवळजवळ साडेपाच ब्रास (100 घनफुटांचा एक ब्रास) माती बाहेर, आणि ठोकून बसतो म्हणून मुरूम त्याहूनही जास्त आत. घराच्या बाजूची बोळ तीन फुटांची आहे, तिच्यातून ट्रॅक्टर जात नाही, घमेलेच जाते. हे काम अवघड आहे, खर्चाचे आहे, हे मला मान्य आहे आणि त्याचे पैसे द्यायलाही मी तयार आहे; पण ते काम अस्तित्वातच नाही अशा थाटात कोणी माझ्याशी बोलू नये. एका गृहस्थांनी तर चकचकीत पॉलिशची फरशी सुचवली. जिथे जुलैत खडबडीत शहाबादीवरही शेवाळ धरते, तिथे पॉलिश केलेली फरशी म्हणजे सासूबाईंच्या खुब्याच्या हाडाशी उघड वैर आहे.

डेकबद्दल मला सुरुवातीला खरोखर ओढ होती आणि ती अजूनही पुरती गेलेली नाही. आमचे जोते जमिनीपासून अडीच फूट उंच आहे. त्याच पातळीवर डेक आला तर पायऱ्या न उतरता बाहेर पडता येईल, खालून वारा खेळेल, पावसाचे पाणी फळ्यांच्या फटींतून निघून जाईल आणि खाली मातीला काय भेगा पाडायच्या आहेत त्या तिने खुशाल पाडाव्यात. एखादा पाय खचला तर पाचर मारून पुन्हा पातळीत आणता येतो, तसे फरशीचे करता येत नाही. पण हे फायदे मला डेकवाल्यांनी सांगितले नाहीत, भाच्याने सांगितले. डेकवाल्यांनी ‘लूक’ सांगितला. खांबांखाली काय घालणार, असे विचारल्यावर उत्तर आले, ‘‘चार-चार विटा ठेवतो की मॅडम, काय होत नाही.’’ याच मातीपायी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी फुगवटा असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे पायाचे खांब, विकसित केले, कारण या मातीत ऋतूप्रमाणे होणारी ओलाव्याची चढउतार साडेतीन मीटरपर्यंत खोल जाऊ शकते. आणि आमचे हे तज्ज्ञ चार विटांवर अठरा फुटांचा मंच उभा करणार. चहाच्या मंचाला कोणी पाइल घालणार नाही हे मलाही कळते. निदान खड्डा तरी घ्याल की नाही?

लाकडाचे नमुने मात्र मी मागून घेतले. सागवानाचा एक तुकडा ऑगस्टमध्ये परड्यात जमिनीवर ठेवला आणि दिवाळीपूर्वी उचलला. त्याच्या मध्यभागाला काही झाले नव्हते, पण कडेच्या फिकट, कोवळ्या पट्ट्याला खालून वाळवीने मातीचे बोगदे घातले होते आणि तिथे नख सहज रुतत होते. फळीत कोवळे लाकूड किती आहे हे दाखवण्याऐवजी ‘ओरिजिनल टीक’ एवढेच सांगण्याची रीत आहे. दुसरा नमुना लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिसळून केलेल्या डब्ल्यूपीसी फळीचा. तो एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता उन्हात ठेवून मी अनवाणी पाय ठेवला, आणि ठेवला तसा उचलला. ‘‘वॉटरप्रूफ आहे मॅडम,’’ असे तो देणारा तीनदा म्हणाला होता. आयर्विन पुलापाशी 45 फूट ही कृष्णेची धोक्याची पातळी असताना 2019 च्या ऑगस्टमध्ये ज्या गावाने पाणी 57 फुटांच्या वर गेलेले पाहिले, त्या गावात हा शब्द जरा जपून वापरावा. डेकखाली शेजारच्या रिकाम्या प्लॉटमधून घोणस येऊन बसली तर काय, या प्रश्नावर तो हसला. मी हसले नाही.

आणि सर्वांवर कळस म्हणजे ‘दोन्ही करतो’ म्हणणाऱ्याने पाठवलेले थ्रीडी चित्र. अर्धा डेक, अर्धा पॅटिओ (म्हणजे फरसबंद अंगण), कडेला बांबू, हिरवळीवर एक गोरे जोडपे आणि मधोमध शेकोटीचा गोल कट्टा. तो कट्टा बरोबर आमच्या सेप्टिक टँकच्या झाकणावर काढलेला आहे. टँक कुठे आहे, चेंबर कुठे आहेत, उपसायला आलेल्या गाडीचा पाइप कुठून आत घ्यायचा, यांतले एकही अक्षर त्याने विचारले नव्हते. टेप मात्र त्याच झाकणावर उभे राहून लावली होती.

या सगळ्या मंडळींची आणखी एक सवय आहे. दर माझ्या यजमानांना सांगायचा आणि रंग मला विचारायचा. मी उताराबद्दल विचारले की उत्तर यजमानांकडे तोंड करून येते, आणि यजमान बिचारे माझ्याकडे बघतात, कारण त्यांना अडीच फूट का खणायचे हे मीच समजावून सांगितलेले असते.

चारही खुर्च्या अजून जिन्याखाली एकीत एक रचून ठेवलेल्या आहेत आणि वरच्या खुर्चीत मांजरीने पिले घातली आहेत. आज सकाळी पेव्हरवाल्याचा फोन आला होता. मी त्याला विचारले, खोदाई किती करणार? तो म्हणाला, ‘‘ते बघू ओ मॅडम. लाल पाहिजे का करडा, तेवढं सांगा, गाडी भरायला लावतो.’’