आणीबाणीने तस्करी मोडली का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कोकण किनाऱ्यावरच्या सोन्याच्या तस्करीवरचा माझा लेख वाचून तुम्ही सविस्तर आणि कडक प्रतिक्रिया लिहिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचे आक्षेप तीन. आणीबाणीत तस्करांना आत टाकलं तेव्हाच हा धंदा मोडला आणि मी ते दोन ओळींत उरकलं, हा पहिला. सगळं खापर सरकारी धोरणावर फोडून मी तस्करांना सोडून दिलं आणि जिवावर उदार होऊन काम करणाऱ्या कस्टमवाल्यांचा अपमान केला, हा दुसरा. माल उतरवणाऱ्या मच्छिमारांना पाठीशी घातलं, हा तिसरा. ‘ही तस्करी किनाऱ्यावर नाही, दिल्लीत जन्मली’ हे वाक्य मी काढून टाकावं, अशी तुमची मागणी आहे.

आधी आणीबाणी. ती लागू झाली 25 जून 1975 ला. हाजी मस्तानसारख्या मुंबईतल्या बड्या तस्करांची धरपकड त्याच्या नऊ महिने आधी, सप्टेंबर 1974 मध्ये, मिसा या विनाखटला स्थानबद्धतेच्या कायद्याखाली सुरू झाली होती. खास तस्करांच्या स्थानबद्धतेसाठी केलेला कॉफेपोसाचा कायदा डिसेंबर 1974 चा. आणीबाणीने त्यात भर घातली ती एवढीच की स्थानबद्धतेला कोर्टात आव्हान देण्याची वाट बंद झाली, आणि 1976 मध्ये तस्करांच्या मालमत्तेवर टाच आणणारा साफेमा हा कायदा आला. धंदा थंडावला, यात वाद नाही. पण 1977 मध्ये हीच मंडळी सुटली, जयप्रकाश नारायण यांच्यासमोर तस्करी सोडल्याच्या शपथा झाल्या, आणि ऐंशीच्या दशकात त्याच समुद्रावर दाऊदचं नाव गाजू लागलं. माणसं बदलली, धंदा चालू राहिला. त्या काळातलं टिकाऊ काम कोणतं म्हणाल, तर तटरक्षक दल. रुस्तमजी समितीच्या शिफारशीनंतर 1 फेब्रुवारी 1977 ला नौदलाच्या दोन जुन्या फ्रिगेट आणि पाच गस्ती नौका घेऊन ते उभं राहिलं. त्याचं श्रेय त्या सरकारला द्यायलाच हवं.

धंदा का मोडला नाही, याचं उत्तर हिशेबात आहे. 1947 पासून सोन्याच्या आयातीवर बंदी होती. जगात सोन्याचा अधिकृत भाव औंसाला 35 डॉलर, म्हणजे तेव्हाच्या विनिमय दराने 10 ग्रॅमला साधारण साडेत्रेपन्न रुपये. 1960 च्या सुमाराला झवेरी बाजारात तेच सोनं शंभराच्या वर विकलं जात होतं. पैसे दुप्पट होत होते. शिवाय लंडन किंवा झुरिकहून दुबईला जाणारं सोनं पूर्णपणे कायदेशीर होतं. दुबईतून ते धाऊमध्ये, म्हणजे अरबी लाकडी गलबतात, चढवणंही तिथे गुन्हा नव्हता. गुन्हा सुरू व्हायचा तो आपल्या किनाऱ्याजवळ.

मूळ लेखात जागेअभावी राहिलेली एक गोष्ट इथे सांगतो. हे सोनं यायचं ते दहा तोळ्यांच्या बिस्किटांच्या रूपात. एक बिस्कीट 116.64 ग्रॅमचं, तळहातात मावणारं, कडा गोलसर, अंगाला लावून बांधलं तरी न टोचणारं. जाडसर कापडाच्या जाकिटाला ओळीने छोटे खिसे शिवायचे आणि एकेका खिशात एकेक बिस्कीट सरकवायचं. शंभर बिस्किटांचं जाकीट म्हणजे साडेअकरा किलोंहून जास्त सोनं. धाऊ लांब समुद्रात थांबायची, इकडून मासेमारीची लाँच जाऊन तिला लागायची, आणि माल उजाडायच्या आत एखाद्या आडबाजूच्या पुळणीवर उतरायचा. याला किनाऱ्यावर सगळे ‘लँडिंग’च म्हणायचे.

आता दिल्लीबद्दल. आखातात तेव्हा भारतीय रुपयाच चलन होता. सोन्याच्या बदल्यात इथल्या नोटा तिकडे जायच्या, तिथल्या बँका त्या रिझर्व्ह बँकेकडे पाठवायच्या आणि आपल्याला त्यांचे पौंड मोजावे लागायचे. म्हणजे चोरट्या सोन्याचं बिल सरकारच परकीय चलनात भरत होतं! ते थांबवायला 1959 मध्ये आखातासाठी वेगळ्या रंगाच्या, क्रमांकाआधी ‘झेड’ अक्षर असलेल्या खास नोटा काढल्या. सोनं थांबलं का? नाही. पुढे त्याची किंमत चांदीने आणि हवाल्याने चुकती होऊ लागली. सोनं आत, चांदी बाहेर.

मग जानेवारी 1963 मध्ये अर्थमंत्री मोरारजीभाई देसाईंचा सुवर्ण नियंत्रण आदेश आला. 14 कॅरेटच्या वर शुद्धतेचा नवा दागिना घडवायचा नाही. मला या भागाचा आजही संताप येतो. गावोगावच्या सोनारांच्या भट्ट्या विझल्या, काहींनी जीव दिले. लोकांची सोन्याची हौस मात्र तसूभरही कमी झाली नाही. प्रामाणिक कारागीर उपाशी आणि लँडिंगवाला गब्बर, अशी अवस्था कायद्याने आणली. 14 कॅरेटची अट 1966 मध्ये गेली, पण 1968 मध्ये नियंत्रणाचा पूर्ण कायदाच झाला आणि तो 1990 पर्यंत राहिला. 1992 मध्ये परदेशातून येणाऱ्या भारतीयांना शुल्क भरून पाच किलोपर्यंत सोनं आणायची मुभा मिळाली आणि धाऊंचा सोन्याचा धंदा बसला. जे छाप्यांनी तीस वर्षांत साधलं नाही, ते एका सवलतीने साधलं. उलटा पुरावाही आहे. 2013 मध्ये आयात शुल्क 10 टक्क्यांवर नेताच तस्करी पुन्हा वाढली, फक्त या वेळी ती विमानतळांवरून.

यात कस्टमवाल्यांचा अपमान कुठे आला? 1991 च्या मे महिन्यात गोव्यात कोस्तांव फर्नांडिस या कस्टम अधिकाऱ्याने सोनं घेऊन निघालेल्या गाडीचा एकट्याने पाठलाग केला. झटापटीत समोरचा माणूस मेला आणि खुनाचा खटला फर्नांडिसांवरच आला. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना त्यातून मोकळं केलं ते 1996 मध्ये. अशा माणसांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. म्हणूनच विचारतो, ज्या मालाचं गिऱ्हाईक अख्खा देश आहे तो अडवायला त्यांना एकेकटं का उभं केलं?

आणि सगळेच फर्नांडिस नव्हते. वर्षानुवर्षं चाललेल्या धंद्याने किनाऱ्यावरची यंत्रणा आतून पोखरली. जानेवारी 1993 मध्ये रायगडच्या किनाऱ्यावर दिघीला चोरटा माल उतरला. त्या रात्री जवळच्या गोंडघर फाट्यावर पोलिसांनी त्या मालाच्या गाड्या अडवल्या होत्या. लाचेचा सौदा ठरला, रोख कमी पडली म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवून घेतल्या आणि गाड्या सोडल्या. हे सगळं न्यायालयाच्या निकालात नोंदलेलं आहे. फेब्रुवारीत रायगडच्याच शेखाडीला आरडीएक्स हे स्फोटक उतरलं ते याच सरावाच्या वाटेने. 12 मार्चला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत 257 माणसं मेली. सोनं सोडायची सवय लागलेल्या नाक्याला पोत्यात काय आहे ते बघायची सवय उरली नव्हती. तस्करीने देशाचं सगळ्यात मोठं नुकसान केलं ते हे. बुडालेलं परकीय चलन त्यापुढे काहीच नाही.

राहिले मच्छिमार. शेखाडीत माल वाहणाऱ्यांना शिक्षा झाल्या आणि त्या व्हायलाच हव्या होत्या. पण त्या दोन-चार गावांवरून अख्ख्या किनाऱ्यावर शिक्का मारणं मला मान्य नाही. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री कफ परेडच्या मच्छिमार नगरात रबरी होडीतून दहा अनोळखी तरुण आले, तेव्हा त्यांना हटकलं कोणी? तिथल्या कोळ्यांनीच. एवढी गस्त, एवढी खाती, आणि पहिला प्रश्न विचारला तो त्यांनी. पाण्यावर कुठली होडी आपली आणि कुठली परकी, हे रोज समुद्रात जाणाऱ्यालाच कळतं. त्याला संशयित ठरवून रांगेत उभं केलं, तर तो उद्या पोलिसाला काही सांगायला येणार नाही.

म्हणून ते वाक्य मी काढत नाही. गोंडघर फाट्याचा प्रसंग मात्र मूळ लेखात जोडतो आहे, कारण तुमच्या प्रतिक्रियेवरून तो किती कमी लोकांना माहीत आहे हे जाणवलं.