फुलं माझी, बघणार काकू

थंडीचे दिवस मरगळलेले असतात, दारात रंगीत फुलं लावा, मन प्रसन्न होईल, असा सल्ला देणारा माणूस नोकरी करत नसावा. थंडीत मी घराबाहेर पडते तेव्हा धड उजाडलेलं नसतं, आणि परतते तेव्हा दिवेलागण कधीच होऊन गेलेली असते. मधल्या वेळात माझी पॅन्सी, पिटुनिया, कॅलेंड्युला, डॉग फ्लॉवर ही सगळी मंडळी उमलतात, डोलतात, मधमाश्यांचा पाहुणचार करतात. मी पोचते तेव्हा कार्यक्रम संपलेला असतो.

काळोखात लाल पिटुनिया आणि काळी पिशवी यांत काडीचा फरक राहत नाही. पांढरी तेवढी दिसते. यान पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे टिपून ठेवलंय: उजेड मंदावला की लाल रंग आधी काळवंडतो, निळा त्यामानाने तग धरतो. म्हणजे लाल फुलांची एवढी रोपं हौसेने लावली, ती शास्त्राच्या नियमाने मला दिसणारच नव्हती. नवरा म्हणाला, "मग निळी लाव." या माणसाला कुठलाही प्रश्न अवघड जात नाही.

मग टॉर्च आला. रात्री जेवणं झाली की मी टॉर्च घेऊन वाफ्यात वाकते. पॅन्सीची सुकलेली फुलं वेळच्या वेळी खुडावी लागतात, नाहीतर झाड बी धरायला लागतं आणि फुलं देण्यातला त्याचा रस संपतो. आता पॅन्सीची कळीही मान खाली घालून असते आणि सुकलेलं फूलही. कळी टोकदार, घट्ट पिळलेली. सुकलेलं फूल मऊ, ओलसर, आत गुंडाळलेलं. दिवसा हा फरक पोरसुद्धा सांगेल. रात्री, एका हातात टॉर्च, बोटं गारठलेली आणि समोरून जाणारा प्रत्येक जण "काही हरवलंय का?" विचारतोय, अशा वेळी सांगून दाखवा.

या सगळ्याचा खरा उपभोग घेतात त्या शेजारच्या काकू. दुपारी खुर्ची टाकून उन्हात बसतात, तोंड माझ्या वाफ्याकडे. संध्याकाळी मला वार्तापत्र मिळतं. "अगं, तुझा कॅलेंड्युला आज काय फुललाय! आणि त्या पिवळ्या पॅन्सीवर फुलपाखरू आलं होतं, बराच वेळ बसलं. तू असायला हवी होतीस." हे शेवटचं वाक्य त्या रोज न चुकता म्हणतात. पॅन्सीवरच्या मावा किडीची बातमीही त्यांच्याकडूनच येते, पण ती मात्र तक्रारीच्या सुरात.

शेवंतीची तर निराळीच तऱ्हा. निम्मी फुलांनी लगडलेली, निम्मी नुसतीच हिरवीगार. खत तेच, पाणी तेच. कारण निघालं गल्लीतला दिव्याचा खांब. शेवंतीला कळ्या धरायला लांबलचक, अखंड रात्र लागते. दिवस-रात्रीच्या लांबीवर झाडांचं फुलणं ठरतं हे गार्नर आणि अ‍ॅलर्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० साली दाखवून दिलंय, पण खांब रोवणाऱ्यांना कोण सांगणार? भिंतीच्या सावलीतल्या कुंड्यांची रात्र झाली, त्या फुलल्या. खांबासमोरच्या अजून उन्हाळाच समजून बसल्यात. म्हणजे बघा, मला फुलं दिसायला उजेड हवा आणि शेवंतीला फुलायला अंधार. आमचं जमायचं कसं?

राहता राहिला सुट्टीचा दिवस. तो उगवला, आणि नेमकं आभाळ भरून आलं. गझानिया पाकळ्या मिटून बसला. त्याला लख्ख ऊन लागतं. ढगाळ हवेत तो दुकान उघडत नाही. मळभाच्या दिवसांत रंग यावा म्हणून लावलेलं फूल मळभ आलं की मिटतं, हे रोप घेताना कोणी सांगत नाही. तरी म्हटलं, बाकीची तर आहेत. शाल गुंडाळून बाहेर आले, तर काकू चार पाहुण्यांना घेऊन माझ्या वाफ्यापाशी उभ्या. "ही पॅन्सी, हे डॉग फ्लॉवर, गालावर दाबलं ना की तोंड उघडतं, बघा." पाहुणे खूश. एका बाईंनी माझ्याकडे पाहून विचारलं, "या कोण?"

"ही होय?" काकू म्हणाल्या, "ही इथेच राहते. पण तिला बिचारीला फुलांसाठी वेळच नसतो."