नवोदयला लागायला क्लास लागतोच का?

नवोदय म्हणजे केंद्र सरकारचे सहावी ते बारावीचे निवासी विद्यालय, आणि पाचवीत निवड परीक्षा देऊन तिथे प्रवेश मिळतो. पाचवीचे वर्ग सुरू झाले की पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. त्याची भाषा दरवर्षी थोडी बदलते, मजकूर मात्र तोच असतो. नवोदयचा अभ्यासक्रम शाळेत शिकवला जात नाही, त्यामुळे क्लास लावल्याशिवाय मूल नवोदयला लागत नाही. तयारी तिसरीपासूनच सुरू झाली पाहिजे. ती घरी राहून होत नाही, म्हणून निवासी क्लास उत्तम. अमुक क्लासची इतकी मुले लागली, हा त्याचा पुरावा. यंदा नाही जमले तरी अनुभव मिळतो. आणि सहावी ते बारावी सारे काही मोफत असल्यामुळे एका वर्षाची फी हा खर्च नसून गुंतवणूक आहे. गेल्या जूनमध्ये हा संदेश मला चार गटांतून आला, आणि त्यांतला एक गट आमच्याच केंद्रातील, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातील, शिक्षकांचा होता, म्हणून हे लिहिणे भाग पडले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवतो. शिक्षण हक्क कायद्याचे २८ वे कलम शिक्षकाला खासगी शिकवणी घेण्यास मनाई करते, तेव्हा क्लासवाल्यांशी माझी धंद्याची स्पर्धा आहे असा संशय कोणी घेऊ नये.

आधी परीक्षा काय आहे ते पाहू, कारण संदेश पुढे पाठवणाऱ्या बहुतेकांनी तिची माहितीपुस्तिका उघडलेली नसते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून जवाहर नवोदय विद्यालयांची योजना आकाराला आली, आणि अगदी पहिल्या दोन विद्यालयांपैकी एक आपल्या अमरावतीत निघाले. सहावीच्या वर्गात एका विद्यालयात जास्तीत जास्त ८० मुले घेतली जातात. निवड परीक्षा दोन तासांची, ८० प्रश्नांची आणि १०० गुणांची असते. त्यांत मानसिक क्षमता चाचणीचे ४० प्रश्न ५० गुणांना, अंकगणिताचे २० प्रश्न २५ गुणांना आणि भाषेचे २० प्रश्न २५ गुणांना असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. प्रश्नपत्रिका मराठीतून मिळते, आणि अर्जाला किंवा परीक्षेला शुल्क नाही.

आता पहिला दावा. शाळेत शिकवले जात नाही म्हणजे नेमके काय शिकवले जात नाही? भाषेच्या भागात चार उतारे असतात आणि प्रत्येकावर पाच प्रश्न. उतारा वाचून त्याचा अर्थ लावणे हे शाळेचे रोजचे काम आहे, आणि ते जिथे नीट होत नाही तिथे क्लासही ते करत नाही, कारण वाचन तीन महिन्यांत घोटून घेता येत नाही आणि त्याचे गाईडही निघत नाही. क्लासच्या वेळापत्रकात भाषेला आठवड्याचा एखादा तास मिळतो. शंभरातले पंचवीस गुण ज्या भागाला आहेत, त्याची ही किंमत होते, आणि तरीही शाळेवर दोष येतो. माझ्या वर्गातील ज्या मुली गोष्टींच्या पुस्तकांसाठी वाचनपेटीपाशी भांडत असत, त्यांना या भागात कधी अडचण आली नाही.

अंकगणिताची गोष्ट अधिक बोलकी आहे. पूर्वीच्या अभ्यासक्रमात शेकडेवारी आणि सरळव्याज होते, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत ते सहावीला येत असल्यामुळे शाळा कमी पडते या तक्रारीत तेव्हा काही तथ्य होते. अलीकडच्या माहितीपुस्तिकेत सरळव्याज नाही, आणि नफा-तोटा हा घटक शेकडा न काढता विचारला जाईल असे स्पष्ट लिहिले आहे. त्याऐवजी कोनांचे प्रकार आणि स्तंभालेख, रेषालेख यांवरून माहिती वाचणे आले आहे. असे असताना गेल्या वर्षी माझ्या वर्गातील एक मुलगा क्लासच्या वहीत मुद्दल, दर आणि मुदत यांची सूत्रे पाठ करताना दिसला. क्लासवाल्यांचे गाईड जुने होते, एवढाच त्याचा अर्थ. पूर्णांक आणि अपूर्णांकांवरील चार क्रिया, दशांश, विभाज्य आणि विभाजक, मोजमापे, परिमिती आणि क्षेत्रफळ हे उरलेले सारे थोड्याफार फरकाने प्राथमिक शाळेतलेच आहे.

राहिला मानसिक क्षमतेचा भाग, आणि इथे मात्र संदेशाचे म्हणणे मी अर्धे मान्य करतो. चाळीसही प्रश्न आकृत्यांचे असतात. दहा प्रकार आणि प्रत्येकाचे चार प्रश्न: वेगळी आकृती ओळखणे, तंतोतंत जुळणारी आकृती शोधणे, अपुरा नमुना किंवा मालिका पूर्ण करणे, आरशातील प्रतिमा, घडी घालून भोक पाडलेला कागद उलगडणे, मोठ्या आकृतीत दडलेली लहान आकृती ओळखणे वगैरे. हे पाठ्यपुस्तकात नसते, आणि ज्या मुलाने ते प्रथमच परीक्षेच्या सभागृहात पाहिले त्याची गाळण उडते. सरासरी दीड मिनिटाला एक प्रश्न असा हिशोब असल्याने, प्रश्न काय विचारतो आहे हे समजण्यातच ज्याचा मिनिट जातो तो मागे पडणारच. सराव हवा, यात वाद नाही. वाद आहे तो सरावाला क्लासच लागतो का, या मुद्द्यावर.

घडीच्या कागदाचे उदाहरण घेतो. गाईडातील अशा दहा आकृत्या सोडवून एका मुलाची दहाही उत्तरे चुकली होती. त्याला मी रद्दीचा कागद दिला, दोनदा घडी घालायला लावली आणि करकटकाच्या टोकाने एक भोक पाडायला सांगितले. उलगडण्यापूर्वी किती भोके निघतील आणि कुठे निघतील ते पाटीवर काढायचे, मग कागद उलगडून पडताळायचे. तिसऱ्या कागदापर्यंत त्याला घडीच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना समान अंतर राखण्याची गोम सापडली, आणि मग तो शेजारच्याला तिरक्या घडीची कोडी घालू लागला. आरशातील प्रतिमेसाठी वर्गात एक आरसा आणि गावात येणारी १०८ ची रुग्णवाहिका पुरली. तिच्या तोंडावरची अक्षरे उलटी का लिहितात, हा प्रश्न पोरांनीच विचारला. माझ्या अनुभवात या प्रकारांत पहिल्या आठ-दहा सरावांत मोठी सुधारणा दिसते, आणि त्यानंतर तीच ती आकृती शंभरदा गिरवून हाती फारसे काही लागत नाही. शिष्यवृत्ती परीक्षेच्या दुसऱ्या पेपरात बुद्धिमत्ता चाचणी असतेच, त्यामुळे ज्या शाळा शिष्यवृत्तीची तयारी मनापासून करतात त्यांच्या मुलांना यातले बरेचसे ओळखीचे असते.

तयारी तिसरीपासून हवी, हा दावा यावरूनच गळून पडतो. आठ वर्षांच्या मुलाला पर्यायी प्रश्नांचे गोल रंगवायला बसवले तर त्याचे वाचन आणि उदाहरणे मांडून सोडवण्याची सवय मागे पडते, आणि पुढे त्याच गोष्टींवर निम्मे गुण असतात.

निवासी क्लासचा दावा सर्वांत धोक्याचा आहे, कारण त्याने केवळ पैसे जात नाहीत, हक्काची जागाही जाऊ शकते. नवोदयच्या जिल्ह्यातील किमान ७५ टक्के जागा ग्रामीण उमेदवारांसाठी आहेत. ग्रामीण कोण, याची व्याख्या घराच्या पत्त्यावर ठरत नाही. तिसरी, चौथी आणि पाचवी या तीनही इयत्ता ग्रामीण भागातील मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण सत्र शिकलेले मूल ग्रामीण ठरते, आणि या तीन वर्षांत शहरी भागातील शाळेत जे एक दिवस जरी शिकले ते शहरी धरले जाते. शिवाय पाचवी ज्या जिल्ह्यात शिकत असेल त्याच जिल्ह्याच्या विद्यालयात प्रवेश मागता येतो, आणि मूल त्या जिल्ह्याचे रहिवासी असावे लागते. आता विचार करा. गावातील शेतकरी आपल्या मुलाचा दाखला काढून त्याला तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी निवासी क्लासला आणि तिथल्याच शाळेत घालतो. गेल्या दशकात तालुक्याच्या बऱ्याच गावांत ग्रामपंचायतीच्या नगरपंचायती झाल्या, आणि नगरपंचायत म्हणजे शहरी भाग. जे मूल गावात राहून तीन चतुर्थांश जागांसाठी पात्र होते, ते आता उरलेल्या खुल्या जागांसाठी साऱ्या जिल्ह्याशी झगडणार, आणि जिल्हा ओलांडला असेल तर घरच्या जिल्ह्यातून त्याला परीक्षेलाही बसता येणार नाही.

यावर एक पळवाट सर्रास सांगितली जाते. नाव गावच्या शाळेत ठेवायचे, मुलाने राहायचे क्लासच्या वसतिगृहात, आणि हजेरी गुरुजींनी सांभाळून घ्यायची. अर्जासोबतच्या प्रमाणपत्रावर मुख्याध्यापकाची सही आणि शिक्का लागतो, आणि निवड झाल्यावर कागदपत्रांची पडताळणी होते. खोटी माहिती उघडकीस आली तर प्रवेश रद्द होतो, सही करणाऱ्याचे काय व्हायचे ते होतेच. दोन वर्षांपूर्वी असाच एक पालक माझ्याकडे आला होता. मी नाही म्हटल्यावर तो रागाने उठून गेला, आणि आजही बाजारात भेटला तर बोलत नाही. मुलगा मात्र गावातच राहिला आणि परीक्षेला ग्रामीण म्हणूनच बसला.

पुराव्यादाखल क्लासच्या फलकांवरील फोटो दाखवले जातात. फलकावर बारा चेहरे असतात, पण त्या वर्षी क्लासला किती मुले होती हे त्यावर कधीच लिहिलेले नसते. तीसपैकी बारा आणि तीनशेपैकी बारा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरे असे की, अनेक निवासी क्लास स्वतःच प्रवेश चाचणी घेऊन मुले निवडतात. आधीच निवडलेली मुले पुढे निवडली गेली तर त्याचे श्रेय नेमके कोणाचे? मी एकाच मुलीचा फोटो दोन वेगवेगळ्या क्लासच्या फलकांवर पाहिला आहे, आणि ती मुलगी दोन्हींकडे केवळ एकेका सराव परीक्षेला गेली होती. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, निवड झाल्यानंतर विद्यार्थ्याची लेखी संमती घेतल्याशिवाय त्याचे नाव किंवा फोटो जाहिरातीत वापरता येत नाही, आणि निवडीची हमीही देता येत नाही. त्याच वर्षीच्या जानेवारीत केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने तर सोळा वर्षांखालील मुलांना कोचिंग केंद्रांनी दाखल करून घेऊ नये असे सुचवले. ते कायदा नव्हे, अंमलबजावणी राज्यांवर सोपवलेली आहे, हे खरे. पण दहा वर्षांच्या मुलासाठी ‘शंभर टक्के निकाल’ असे छापणाऱ्यांना दोन्ही कागद वाचून दाखवण्यासारखे आहेत.

यंदा अनुभव मिळतो आणि पुढच्या वर्षी नक्की, हे वाक्य तर निखालस खोटे आहे. सहावीच्या प्रवेशासाठी ही परीक्षा एकदाच देता येते. कोणत्याही कारणाने दुसऱ्यांदा बसता येत नाही, आणि त्यासाठी मुलाला पाचवीत पुन्हा बसवणारे पालक त्याचे एक वर्ष निष्कारण वाया घालवतात.

राहिला गुंतवणुकीचा दावा. एखाद्या जिल्ह्यात सहा हजार मुले परीक्षेला बसतात असे समजू. जागा ८० आहेत. सहाही हजारांनी क्लास लावला तरी ५,९२० मुले बाहेर राहणार, आणि फी मात्र सहाही हजारांनी भरलेली असणार. क्लासमुळे जागा वाढत नाहीत. फार तर त्या कोणाकडे जातात हे बदलते, आणि ज्या घरात फीचे पैसे नाहीत त्या घराकडून त्या सरकतात. खेड्यातील हुशार मुलाला गैरसोय होऊ नये म्हणून जी परीक्षा मुद्दाम आकृत्यांवर बेतली, तिच्यासाठी जमीन गहाण टाकून क्लास लावावा, असे त्याच खेड्यातील बापाला सांगितले जाते. ‘सारे मोफत’ हेही पुरते खरे नाही. राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके मोफत आहेत, पण नववीपासून विद्यालय विकास निधी म्हणून महिना ६०० रुपये द्यावे लागतात. मुली, अनुसूचित जाती-जमातींची आणि दारिद्र्यरेषेखालील मुले यांना त्यातून सूट आहे, तर सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना त्याहून अधिक भरावे लागतात.

एका गोष्टीत मात्र क्लासवाल्यांना मी दोष देत नाही. दोन शिक्षकी शाळेत एक गुरुजी पहिली ते तिसरी आणि दुसरे चौथी-पाचवी सांभाळतात, त्यात निवडणुकीचे काम येते आणि ऑनलाइन माहिती भरणे येते. तिथे आकृत्यांचा सराव घ्यायला वेळ कुठून आणायचा? हे रिकामेपण क्लासने भरले, हे नाकारता येणार नाही. आमच्या केंद्रात आम्ही ते असे भरतो: दिवाळीनंतर दर शनिवारी शाळा सुटल्यावर आठ शाळांची पाचवीची मुले एका शाळेत येतात, दोन तासांचा एक पेपर सोडवतात आणि तासभर चुका पाहतात. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स आणि निळे-काळे बॉलपेन एवढाच खर्च येतो, आणि तो शाळा व्यवस्थापन समिती करते. गेल्या वर्षी दुसऱ्याच शनिवारी एका मुलीने सतरावा प्रश्न सोडून दिला, पण त्याचा गोल रिकामा ठेवायला विसरली, आणि तिथून पुढची सारी उत्तरे एकेक ओळ वर सरकली. पेपर तपासताना तिचे ऐंशीपैकी एकवीसच बरोबर आले, तेव्हा तिला रडू कोसळले. मग आम्ही दोघांनी तिची प्रश्नपत्रिका आणि उत्तरपत्रिका शेजारी शेजारी ठेवून मोजले, तर खरे बरोबर होते एकसष्ट. त्यानंतर प्रत्येक पाचव्या प्रश्नाला पेन थांबवून क्रमांक जुळवून पाहायची सवय तिने लावून घेतली, आणि तिचे पाहून बाकावरच्या इतरांनीही.