निदेशकांना पुन्हा मशीनवर उभं करा

रविवारी संध्याकाळी नाशिकच्या त्रिमूर्ती चौकातल्या टपरीवर विषय निघाला तो अण्णांच्या पोरावरून. बारावी झाली, मार्क बेताचे. डिप्लोमा, आयटीआय की सरळ बी.एस्सी.? अण्णांनी सहज विचारलं आणि शेठ उसळलेच. त्यांचं अंबड एमआयडीसीत छोटं सीएनसी युनिट आहे, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर धातूचे पार्ट बनवणारा कारखाना.

"आयटीआय? परवा मशिनिस्ट पास झालेला पोरगा आला माझ्याकडे. वीस एच-सातचं बोअर, म्हणजे नेमक्या मापाचं भोक, दिलं तपासायला. माप २०.००० ते २०.०२१ मिलिमीटरच्या आत पाहिजे. त्यानं व्हर्नियर लावला आणि म्हणाला, ओके आहे. अरे, व्हर्नियरचा लीस्ट काउंटच, म्हणजे त्यावर दिसणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ मिलिमीटर! एकवीस मायक्रॉनची, म्हणजे ०.०२१ मिलिमीटरची सूट त्यावर दिसणार कशी? भोकात घालून माप तपासायचा प्लग गेज शेजारीच होता, त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही."

मास्तर आयटीआयमधून निदेशक, म्हणजे वर्कशॉपमध्ये शिकवणारे, म्हणून निवृत्त झालेत. ते शांतपणे म्हणाले, "त्याला एच-सात शिकवलेलं असतं शेठ, पण फळ्यावर. गेज कपाटात, कपाटाला कुलूप. डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे संस्थेच्या कायमच्या वस्तूंच्या वहीत, नोंद आहे ना! हरवला तर निदेशकाकडून वसुली. मग कोण बाहेर काढेल?"

यावर कुणाला काही बोलता येईना. आमच्यातला बाळ्याच मग म्हणाला, "आणि कंपनीत तरी काय शिकवतात भो? मी अप्रेंटिस होतो तिथे वर्षभर पॅकिंगला उभा केला. मशीनची सेटिंग शिकलो ते रात्रपाळीत, एका जुन्या ऑपरेटरच्या मागं लागून."

अप्रेंटिसचा कायदा १९६१ चा आहे. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेनं अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घेतलेच पाहिजेत. घेतल्यावर काय शिकवलं, हे मात्र मशीनपाशी येऊन कोण बघतं? शेठकडे अकरा माणसं, म्हणजे त्यांना सक्ती नाहीच. "घेतला तर सरकार स्टायपेंडचे पंचवीस टक्के देतं, महिन्याला जास्तीत जास्त दीड हजार," ते म्हणाले. "पण त्याला शिकवायला मशीन लावणारा माझा सेटर अडकतो. त्या तासांचे पैसे कोण देणार?"

शेठची ही अडचण खरी आहे, आणि सातपूर-अंबडमधल्या छोट्या युनिटवाल्या कुणालाही विचारा, तो हेच सांगेल. जर्मनीत पोरगा आधी कंपनीशी करार करतो, आठवड्यातले एक-दोन दिवस शाळेत जातो, बाकी दिवस कामावर. अंतिम परीक्षा उद्योगांचं चेंबर घेतं. एकट्या छोट्या कारखान्याला सगळं शिकवणं जमत नसेल तर तीन-चार जण मिळून पोरगा वाटून घेतात. अन् मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट म्हणजे कंपनीत शिकवणाऱ्यालाही शिकवता येतं की नाही, याची वेगळी परीक्षा द्यावी लागते.

अण्णा म्हणाले, "मग आपला सिलॅबसच बदला."

इथं माझं त्यांच्याशी पटलं नाही. एच-सात ज्यात येतं ते लिमिट्स अँड फिट्स सिलॅबसमध्ये आहे, मास्तरांनी आत्ताच सांगितलं. सिलॅबस बदलतो, ड्रोनचा, थ्री-डी प्रिंटिंगचा नवा कोर्स निघतो, पण शिकवणारा माणूस प्रॉडक्शनच्या मशीनवर शेवटचा कधी उभा होता, हे कुणी विचारत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यातून तेजस मार्क-१ए हे लढाऊ विमान उडालं. तसल्या कामाचे पार्ट आपल्या वर्कशॉपना मिळायचे असतील तर मायक्रॉनची सवय असलेली पोरं लागतील, आणि ती सवय लावणाऱ्याच्या हातात आधी असावी लागते. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की प्रत्येक निदेशकाला दरवर्षी पंधरा दिवस कारखान्यात पाठवा. पाहुणा म्हणून नको. शिफ्टला, ऑपरेटरच्या शेजारी.

"बदली कोण शिकवणार? पदं रिकामी आहेत," मास्तर म्हणाले.

"परीक्षा संपून नवी बॅच येईपर्यंत पाठवा," मी म्हणालो.

"आणि कानस? तुम्ही सगळे सीएनसीचंच बोलताय. महिनाभर कानस मारून चौकोनी ब्लॉक गुण्यात आणला नाही, तर पोराला धातू हाताला कसा लागतो ते कळत नाही."

मास्तरांचं हे शंभर टक्के खरं. कानस काढायची नाहीच. पण कानशीच्या त्याच ब्लॉकला नंतर भोक पाडून रीम करा, म्हणजे रीमरनं ते नेमक्या मापाचं करा, आणि प्लग गेजनं तपासायला लावा. गेजचं गो टोक आत गेलं पाहिजे, नो-गो टोक अडलं पाहिजे. तेवढ्यासाठी नवा कोर्स लागत नाही, कुलूप उघडावं लागतं.

शेठ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "निदेशक आला आणि टूलचा इन्सर्ट, म्हणजे कापणारी टिकली, तुटला तर खर्च माझा. पण चालू ऑर्डरच्या जॉबवर हात लावू नाही देणार, स्क्रॅप मटेरियलवर देईन." मास्तरांनी लगेच विचारलं, "किती निदेशक घ्याल?" शेठ म्हणाले, एक. शेजारच्या दोन युनिटवाल्यांनाही विचारतो म्हणाले. आयटीआयच्या संस्था व्यवस्थापन समितीपुढं हे लेखी मांडायचं काम मास्तरांनी घेतलं.

अण्णांचा प्रश्न तसाच राहिला होता. बाळ्यानं त्यांना सांगितलं, ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी दोन-तीन आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये जाऊन या. लेथच्या ट्रेमध्ये ताजी चिप, म्हणजे कापलेल्या धातूचा कीस, पडलेली दिसते का बघा, आणि मागची बॅच कुठं लागली ते तिथल्याच पोरांना विचारा.