सायकल-मोटारीची उपमा उलटी पडते

संगणकाच्या भाषांवरच्या एका लेखात असेंब्ली या यंत्राजवळच्या भाषेला सायकल आणि पायथन या लिहायला सोप्या भाषेला मोटार म्हटलंय. त्यातून पायथन पळायलाही जोरात, असा समज होतो. लिहायला झटपट, हे खरं. चालायला मात्र बहुधा संथ. आमच्या कर्नाटकातल्या खानापूरकडचं बघा. शेताचा उतारा कन्नडमध्ये येतो. बाबांना कन्नड वाचता येत नाही, म्हणून मी शेजारी बसून बोट ठेवत ओळ न् ओळ मराठीत सांगते. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून! पायथनचा इंटरप्रिटर, म्हणजे प्रोग्रॅम चालताना तो यंत्राला समजावणारा दुभाषा, साधारण असाच. सी या भाषेचा कंपायलर म्हणजे अख्खा उतारा एकदाच मराठीत लिहून ठेवणं. असेंब्लीत उतारा लिहिणाराच बाबांची, म्हणजे यंत्राची, भाषा शिकून तीत लिहितो, आणि प्रोसेसरची जात बदलली की पुन्हा नवी बाराखडी. १९७३ साली युनिक्स या संगणकप्रणालीचा गाभा नव्याने सीमध्ये लिहिला, त्यामुळेच ही प्रणाली पुढे वेगवेगळ्या यंत्रांवर नेणं सोपं झालं.