टाक तो दगड!

आज सकाळी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर, खाणीच्या बाजूला, एक पाच-सहा वर्षांचा मुलगा उकिडवा बसून हातातला दगड निरखत होता. काळा दगड, त्याला बारीक बारीक भोकं आणि एका भोकात पांढरं, चमचमणारं काहीतरी. "बाबा, ह्याच्यात साखर कुणी भरली?" बाबा फोनमध्ये. मान वर न करता म्हणाले, "टाक तो दगड, हात घाण होतील. चल, अबॅकसला उशीर होतोय." टाकला त्याने. तेव्हापासून माझं डोकं तापलंय.

अरे, काय प्रश्न होता तो! साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा वाहिला. थिजताना वायूचे बुडबुडे आतच अडकले, तीच ही भोकं. मग वर्षानुवर्षं पाणी झिरपत राहिलं आणि त्या पोकळ्यांत खनिजांचे स्फटिक धरले. आपल्या वाघोलीच्या खाणीतले कॅव्हनसाइट खनिजाचे निळे स्फटिक परदेशातल्या संग्रहालयांत काचेच्या पेटीत ठेवतात. त्याच खडकाचा तुकडा पोराच्या मुठीत आयता आलेला, आणि आपण म्हणायचं टाक?

बाबांना हे सगळं माहीत असायला हवं होतं असं मी अजिबात म्हणत नाहीये. माझ्या बाबांनाही कुठे काय माहीत होतं! प्रेसमध्ये कंपोझिटर होते ते. मी लहान असताना एकदा विचारलं, नळाला पाणी कुठून येतं? म्हणाले, "पर्वतीहून येतं म्हणतात. पर्वतीला कुठून येतं, ते मलाही माहीत नाही. रविवारी बघून येऊ." आणि रविवारी खरंच लूनावर पुढे उभं करून घेऊन गेले. पर्वती जलकेंद्राच्या फाटकावर वॉचमनकाकांना विचारलं. ते म्हणाले, "कॅनॉलनं येतं, कडेकडेनं जा वर." गेलो. जमेल तिथे कॅनॉलच्या कडेने, नाही तर सिंहगड रोडने, थेट खडकवासल्यापर्यंत.

आज क्लासची जाहिरात बघा. 'जिज्ञासा विकास', वय वर्षं चार ते सात, मोफत डेमो. चार वर्षांच्या मुलाची जिज्ञासा कसली विकसित करताय? ती त्याच्याकडे ओसंडून वाहत असते. घरी दिवसभर "गप्प बस", "नंतर सांगते", "तुला काय करायचंय" करायचं आणि संध्याकाळी तीच गोष्ट फी भरून विकत आणायची! रोबोटिक्सला माझा विरोध नाही, काही शिक्षक जीव ओतून शिकवतात, मान्य. पण टेकडीवरचा दगड टाकायला लावून मुलाला विज्ञानाच्या क्लासला नेणं मला कळत नाही. आणि तुम्हालाही कळत नसणार, म्हणून तर तुम्ही माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहात.

दुसरं टोक म्हणजे लगेच उत्तर देऊन टाकणारे. प्रश्न आला की फोन काढला, वाचून दाखवलं, विषय संपला. बाबांनी त्या दिवशी "खडकवासल्याहून येतं" एवढंच सांगितलं असतं, तर मी "बरं" म्हणून खेळायला गेले असते. धरणाच्या भिंतीपाशी उभं राहिल्यावर मला पुढचा प्रश्न पडला: ह्यात कुठून येतं? मग वरची पानशेत, वरसगाव ही धरणं. मग घरी आल्यावर आजीने सांगितलेला १२ जुलै १९६१, पानशेत फुटलं तो दिवस. एका नळापासून सुरुवात झाली होती.

आपल्याच गावात खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सर राहत होते. सही मागायला आलेल्या मुलांना म्हणायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तर आणि सही दोन्ही मिळेल. एवढा मोठा माणूस मुलांच्या प्रश्नांना हाताने उत्तरं लिहीत बसायचा, आणि आपल्याला वेळ नाही.

थोडी शांत झाले आता. तो बाबा वाईट नव्हता. रविवारी पोराला टेकडीवर आणलं होतं त्यानेच. आठवडाभर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये पिचलेल्या माणसाला सकाळी सातला कुणी साखर कुणी भरली म्हणून विचारलं, तर त्याचं चुकतं म्हणायचं तरी किती? पण दादा, "मलाही माहीत नाही रे, खिशात टाक, घरी जाऊन बघू" एवढं म्हणायला किती वेळ लागतो? माझ्या बाबांनाही सुट्टीचा तो एकच दिवस मिळायचा.

आमच्याकडे सध्या क्युसेक चालू आहे. खडकवासल्यातून इतके हजार क्युसेक विसर्ग, भिडे पूल पाण्याखाली, असं पेपरात वाचलं आणि लेकीने विचारलं, क्युसेक म्हणजे किती बादल्या? एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. तिने बाथरूममधली बादली लिटरच्या मापाने मोजून भरली: चौदा लिटर. म्हणजे सेकंदाला दोन बादल्या! मग पेपरातला आकडा घेऊन गुणाकार करत बसली, आणि शून्यं पाहून ओरडली, "आई, एवढ्या बादल्या पुढे जातात कुठे?"

म्हणून जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलाय. मुळा-मुठा भीमेला मिळाली, उजनी झालं, पंढरपूरला पोचलोय. पुढच्या रस्त्यावर कुणाचं गाव असेल, तर नदीकाठचा फोटो टाका, तिला दाखवते. आणि तुमच्या घरात सध्या कुठला प्रश्न चालू आहे तेही लिहा. उत्तर नसलं तरी चालेल.