कळकेल हो!

"बाबा, शनिवारी बर्गंडीला जायचं का? पिंपातली वाइन चाखायला?" जावयाने विचारलं आणि 'चाखायला' या शब्दावर विसंबून मी हो म्हणालो. आपल्याकडे चाखणं म्हणजे काय, तर लग्नघरी आचारी तळहातावर मठ्ठ्याचे चार थेंब टाकतो, आपण "मीठ हवंय" म्हणतो आणि परत पत्त्यांच्या डावावर जाऊन बसतो. इथे तळघरात 14 पिंपं होती, थंडी 12 अंशांची होती आणि प्रत्येक पिंपापाशी माझं मत अपेक्षित होतं.

लेक-जावई फ्रान्समध्ये ल्योंला असतात. तिथून गाडी उत्तरेला काढली, बोन नावाचं गाव मागे टाकलं आणि दोन्ही बाजूंना दगडी कुंपणांचे द्राक्षमळे सुरू झाले. फेब्रुवारी होता. आमच्या नाशकाकडे फेब्रुवारीत बागा घडांनी वाकलेल्या असतात. इथे काळीठिक्कर खुंटं, गुडघ्याएवढी, एका ओळीत. पिंपळगावला माझा मामेभाऊ द्राक्षं करतो, त्याला फोटो पाठवला. "बाग गेली का यांची?" असं त्याचं लगेच उत्तर.

जावयाने वाटेत एक भिंत घातलेला मळा दाखवला, क्लो द वूजो. बाराव्या शतकात सिस्टर्शियन मठाच्या साधूंनी लावलेला. सगळा मिळून 50 हेक्टर आणि मालक किती, तर 80च्या घरात. फ्रेंच क्रांतीत मठाची जमीन गेली, पुढे विकली गेली, आणि नेपोलियनच्या कायद्याने सगळ्या मुलांना सारखा वाटा, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तुकडे पडत गेले. कुणाच्या नशिबी चार ओळी, कुणाच्या नशिबी दहा.

"म्हणजे भाऊबंदकी," मी म्हणालो. बँकेत तीस वर्षं शेतीकर्जाची प्रकरणं पाहिल्यावर माणसाला परदेशात इतकं घरच्यासारखं क्वचितच वाटतं.

तिथून जवळच रोमाने-कोंतीचा मळा, जगातल्या सर्वांत महागड्या वाइनींपैकी एकीचा. क्षेत्र 1.81 हेक्टर, म्हणजे साडेचार एकर. तेही मामेभावाला कळवलं. शिवाय इथे हेक्टरी किती पीक घ्यायचं यावर कायद्याने मर्यादा आहे, जितकी जमीन थोर तितकी मर्यादा कडक, हेही कळवलं. दोन निळ्या खुणा दिसल्या, उत्तर आलं नाही. एकरी दहा टनांचा हिशेब करणाऱ्या माणसाला आपण काय सांगतोय याचं भान मला ठेवायला हवं होतं.

आम्ही ज्यांच्या तळघरात चाखायला आलो होतो ते मालक सत्तरीचे, बूट चिखलाचे, हातांच्या रेघांमध्ये जांभळा रंग कायमचा मुरलेला. जिना उतरताना आमच्या हिने माझी माकडटोपी कानांवर ओढली. स्वतः तिने साडीवर जावयाचं जॅकेट घातलं होतं. ती काही पिणार नव्हती. "मी नुसती बघणार," असं तिने घरीच जाहीर केलं होतं. ही नुसती बघणार म्हटली की समोरच्याने सावध व्हावं, हे मालकांना फ्रेंचमध्ये कोण सांगणार?

एका पिंपात 228 लिटर वाइन, म्हणजे साधारण 300 बाटल्या. मालकांनी बुचावर हलकेच टिचकी मारली, बूच काढलं, आणि शाळेच्या प्रयोगशाळेतल्यासारखी, पण हातभर लांब काचेची पिपेट आत सोडली. वरच्या टोकाला अंगठा. लाल धार आमच्या पेल्यांत दोन-दोन बोटं पडली. सप्टेंबरात तोडलेली द्राक्षं, म्हणजे वाइनचं वय जेमतेम पाच महिने. पेला फिरवायचा, नाक खुपसायचं, घोट घ्यायचा, चूळ भरल्यासारखा तोंडभर घोळवायचा. इथवर जमलं.

मग मालक म्हणाले, थुंका.

थुंका? मी शाखाधिकारी असताना थुंकणाऱ्यांशी लढलेला माणूस आहे. जिन्याच्या कोपऱ्यांत देवांच्या टाइल्स मी स्वखर्चाने लावून घेतल्या होत्या. गणपती, साईबाबा आणि सर्वधर्मसमभाव म्हणून इतरही. आणि आज, आयुष्याच्या उत्तरार्धात, पाहुणा म्हणून गेलो असताना, यजमानांच्या जमिनीवर थुंकायचं? जमिनीवर खडी टाकलेली होती, ती याचसाठी. मालकांनी ओठ किंचित दुमडले आणि सुईसारखी बारीक धार सहा फुटांवरच्या नालीत बरोब्बर नेऊन सोडली. आमच्या शाखेचा तंबाखूबहाद्दर शिपाईसुद्धा पुढे येऊन नमस्कार करता, अशी. मी कोपरा धरला, मनात सगळ्या टाइल्सची क्षमा मागितली आणि प्रयत्न केला. निम्मी नालीकडे गेली. निम्मी स्वेटरवर. स्वेटर हिने विणलेला होता.

"गिळा सरळ," ही म्हणाली.

पण गिळलं तर चौदाव्या पिंपापर्यंत पोचता येणार नव्हतं, आणि गिळण्याइतकी ती वाइन तयारही झालेली नव्हती. पहिल्याच घोटाला माझ्या दोन्ही गालांनी आतल्या आत एकमेकांना मिठी मारली. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी घोंगडीसारखी होते, तशी. सालीबियांमधली टॅनिनं लाळेतल्या प्रथिनांना धरतात, म्हणून तोंड कोरडं पडतं, असं जावई समजावू लागला. मराठीत याला तुरट म्हणतात आणि विषय संपतो. 

खरा छळ पुढे होता. सगळे माझ्याकडे बघत होते. बँकेत मी अशा वेळी "प्रकरण विचाराधीन आहे" म्हणत असे. इथे नुसतं "हं…" म्हणालो. त्या 'हं'चं लेकीने फ्रेंचमध्ये केलेलं भाषांतर अर्धा मिनिट चाललं आणि मालक समाधानाने मान डोलवत राहिले. मी काय बोललो ते मला आजतागायत कळलेलं नाही.

दुसरं पिंप शांबोल-म्युझिन्यी गावच्या मळ्याचं, तिसरं व्होन-रोमाने गावचं, चौथंही व्होन-रोमानेचंच, पण पायवाटेच्या पलीकडचं. सगळ्यांत द्राक्ष एकच, पिनो न्वार. 1395 साली इथल्या फिलिप नावाच्या ड्यूकने गामे जातीच्या वेली उपटून टाका असं फर्मान काढलं होतं, तेव्हापासून या मंडळींचं पिनोशिवाय पान हलत नाही. म्हणजे चाखणाऱ्याने फरक ओळखायचा तो जमिनीचा. वरच्या उताराची जमीन, खालच्या उताराची जमीन. मी फरक ओळखला तो एवढाच, की तिसऱ्याने उजवा गाल आंबला आणि चौथ्याने डावा.

प्रत्येक वेळी पेल्यात थोडी उरायची. पाचव्या पिंपापाशी मालकांनी माझा पेला घेतला, आणि उरलेली वाइन शांतपणे परत पिंपात ओतली. मग जावयाच्या पेल्यातली. मग स्वतःची.

हिने माझा दंड धरला. "उष्टं!"

"आई, इथे असंच करतात. महाग असते ती. आणि अल्कोहोल असतं ना त्यात," जावई कुजबुजला.

"म्हणजे त्या पिंपाच्या तीनशे बाटल्यांत आता यांचं उष्टं?" ती माझ्याकडे वळली. "आणि सकाळी तुम्हाला खोकला होता."

खोकल्याचं भाषांतर करायला लेकीने साफ नकार दिला.

सातव्या पिंपाला मालक थबकले. बूच काढलं आणि मला खुणेने जवळ बोलावून कान लावायला सांगितलं. मी माकडटोपी वर करून भोकापाशी कान नेला. आतून बारीक चुरचुर येत होती, नुकत्याच ओतलेल्या सोड्याला कान लावावा तशी. आत जिवाणूंचं काम चाललं होतं. हिरव्या सफरचंदात असतं ते मॅलिक आम्ल खाऊन ते त्याचं लॅक्टिक आम्ल करतात. थंडीत हे काम रेंगाळतं, वसंतात तळघराला जरा ऊब आली की जोर धरतं. जावयाने हे सगळं हिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"लॅक्टिक म्हणजे ताकातलं ना? म्हणजे कैरीचा आंबटपणा जाऊन ताकाचा येणार. मग सरळ सांगा ना, अजून मुरलं नाही म्हणून. न मुरलेलं लोणचं पाहुण्यांच्या पानात वाढतं का कुणी?"

लेकीने हे मात्र शब्दशः सांगितलं. मालकांनी छातीवर हात ठेवून हिला वाकून नमस्कार केला. त्यानंतर मत देण्यासाठी माझ्याकडे कुणी बघेना. निम्मं संकट टळलं.

नवव्या पिंपाने घोटाळा केला. पेल्यात नाक घातलं आणि सगळं शहाणपण विसरून माझ्या तोंडून निघालं, "अंडं! उकडलेलं, आणि कालचं!" जावयाचा चेहरा उतरला. या दौऱ्यासाठी त्याने महिनाभर आधीपासून पत्रं लिहिली होती. पण मालक टाळ्या वाजवायला लागले. बरोबर! तळाशी बसलेल्या यीस्टच्या सान्निध्यात, हवा न मिळता वाइन राहिली की कधीकधी हायड्रोजन सल्फाइडचा असा वास धरते. तीन तासांत माझं पहिलं बरोबर उत्तर, आणि तेही सडक्या अंड्याचं.

यावर जुना उपाय म्हणजे तांबं. पेल्यात तांब्याचं नाणं टाकून फिरवलं की गंधक तांब्याला चिकटतं आणि वास जातो. मालकांनी खिसे चाचपले, नाणं निघेना. तेवढ्यात जावयाची नजर माझ्या बोटावर पडली. संधिवातासाठी मी तांब्याची अंगठी घालतो. अकरा वर्षं ती निघालेली नाही. साबण झाला, खोबरेल झालं, दोरा गुंडाळून झाला. तळघराच्या थंडीने बोटं आखडली होती, मालकांनी एकदा पिळली आणि अंगठी सुळकन बाहेर.

ती पेल्यावर धरली असताना ही ओरडली, "अहो, आंबटात तांबं? कळकेल हो!"

आता कळकणं फ्रेंचमध्ये कसं सांगायचं? ताक पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात ठेवलं की त्याला येतो तो हिरवट, मळमळवणारा गुण. ज्यांच्या सासूने कधी ताकाचं भांडं चुकलं म्हणून बोल लावलेले नाहीत, त्यांना तो शब्द समजणं अवघडच. लेकीने बरेच हातवारे केले. मालकांनी एक बोट वर केलं, थांबा म्हणून, आणि अंगठी टुपकन पेल्यात सोडली. एक मिनिट गोल गोल फिरवली. मग पेला हिच्या नाकाखाली धरला.

हिने नाक मुरडूनच वास घेतला. पुन्हा घेतला. "जांभूळ," ती म्हणाली. "पिकलेलं. आणि थोडी ओली माती."

मीही घेतला. अंड्याचा मागमूस नव्हता. मी "हं" म्हणालो, पण लेकीने या वेळी भाषांतर केलं नाही.

तो पेला पुन्हा पिंपात जाणार म्हणून हिने डोळे मिटून घेतले होते. पण मालकांनी तो खडीवर रिकामा केला. "बघा," ही मला म्हणाली, "तुमची अंगठी बुडवलेलं फेकतात. उष्टं तेवढं चालतं यांना."

उरलेली पाच पिंपं मी कशी पार केली ते विचारू नका. धार मात्र सुधारली होती. बाराव्या पिंपाला नालीच्या काठापर्यंत पोचलो, आणि मालकांनी पाठीवर थाप मारली ती नेमकी दुसरा घोट तोंडात असताना.

जिना चढून उजेडात आलो तेव्हा अंगठी हिच्या मुठीत होती. अकरा वर्षांचा हिरवट कीट निम्म्याहून जास्त निघाला होता. तिने ती उन्हात धरली, पदराने पुसली, पुन्हा धरली. वाइनमधलं टार्टारिक आम्ल म्हणजे चिंचेतलंच, असं जावई सांगू लागला, पण तिचं लक्ष नव्हतं. ती तळघराच्या दाराकडे बघत होती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "त्या नवव्या पिंपात आपली देवाची भांडी काय लख्ख निघतील."